पाण्यातला बेडूक विचित्र वागतोय? आधी या चुका टाळा

आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, म्हणजे माशांच्या टँकमध्ये ठेवतात तो कायम पाण्यात राहणारा छोटा बेडूक, नव्याने पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: "बेडूक वर तरंगतोय, हातपाय पसरलेत, हलतच नाही." मी विचारतो, पाण्यात हात घातल्यावर पळतो का? "हो, एकदम खाली जातो." मग तो आराम करतोय, करू द्या. या बेडकाला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं आणि मन झालं की तो तिथेच पडून राहतो.

अशा वेळी घाईने ओतलेल्या औषधाने बरेच बेडूक मरतात. ओळखीतल्या एकाने बेडकाच्या अंगावर पांढुरकी साल लोंबताना पाहिली आणि बुरशी समजून माशांचं तांबंयुक्त औषध ओतलं. वर मूठभर मीठ, "असू दे म्हणून". बेडूक फक्त कात टाकत होता. दर काही आठवड्यांनी हे होतं: आधी रंग फिका पडतो, मग साल सुटते आणि बेडूक ती ओढून खाऊनही टाकतो. थोडा वेळ थांबला असता तर त्याला हे डोळ्यांनी दिसलं असतं. बेडकाची त्वचा पाणी आणि त्यात विरघळलेलं बरंच काही आत ओढून घेते, त्यामुळे माशाला सोसणारा डोस त्याला सोसेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या लाल झालेल्या, संध्याकाळी खेळ खलास. तांब्याने मेला की मिठाने ते सांगता येणार नाही, कात टाकल्याने नक्कीच नाही.

माझी सवय एकच: बेडूक वेगळा वागला की औषधाच्या बाटलीला हात न लावता पाणी तपासायचं टेस्ट किट काढायचं. घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान साधारण 24 ते 26 अंश. आकडे बिघडलेले असतील तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तितकंच कोमट.

इथेच दुसरी लाडकी चूक होते. पाणी खराब म्हटलं की लोक टँक रिकामा करतात, वाळू धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून लख्ख करतात. अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजवरच असतात हो! ते गेले की अमोनिया पुन्हा चढतो आणि माणूस पुन्हा सगळं धुतो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. नव्या टँकमध्ये हे जिवाणू रुजून तो स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. "झटपट तयार" करणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. ज्याला तेवढा धीर नाही त्याने बेडूक आणूच नये.

बाकीचं थोडक्यात. नराने मादीची कंबर तासन्‌तास धरून ठेवली आणि मादी ताठ पडली, तर ते मीलन आहे. सोडवायला जाऊ नका. रात्रीची गुणगुण मोटरची नसून नराची असू शकते. बेडूक जेवत नाही असं वाटतं तेव्हा बहुधा मासेच आधी खाऊन जातात. त्याला अधू दिसतं, वासावर शोधतो, म्हणून ड्रॉपरने ब्लडवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या) थेट तोंडापाशी सोडा. बारीक खडी घासाबरोबर पोटात जाते, वाळू बरी. झाकण हवंच, बाहेर पडलेला बेडूक सुकून मरतो. आणि पुढच्या बोटांमध्ये पडदा नसेल तर तो ड्वार्फ नाही, क्लॉड फ्रॉग ही दुसरी, मोठी जात आहे: दहा सेंटिमीटरच्या पुढे वाढेल आणि शेजारचे मासे गिळेल.

खरी काळजी कधी करायची? अंग फुग्यासारखं फुगून खाली जाता येईना, किंवा कात सारखीच तुकड्या-तुकड्यांनी निघते, खाणं बंद आणि पाण्याबाहेर यायची धडपड चाललेली. पहिल्यात अंगात पाणी साठलेलं असतं, दुसऱ्यात कायट्रिड या बेडकांच्या त्वचेला लागणाऱ्या बुरशीची शंका घ्यावी. बेडूक वेगळा ठेवा आणि उभयचर पाहणारा पशुवैद्य गाठा. त्या टँकचं पाणी तळ्यात किंवा ओढ्यात मात्र ओतू नका. कायट्रिड पाण्यातून पसरते आणि बाहेरच्या बेडकांनाही लागते.