पेंटबॉल गनची सफाई: रंगाला पाणी, ओ-रिंगला योग्य तेल

आधी हॉपर (गोळ्यांचा डबा) काढा आणि गॅसची टाकी सोडवा. टाकी निघाली तरी एखाद्या शॉटपुरता दाब आत राहतो, म्हणून मास्क घालून, बॅरल मोकळ्या दिशेला धरून ट्रिगर दाबा आणि तो संपवा. ही पायरी कधीच गाळू नका.

गोळीचं कवच जिलेटिनचं आणि आतला रंग पाण्यात विरघळणारा असतो. त्यामुळे बॅरलला कोमट पाणी आणि मऊ कापड पुरतं. मात्र ते पूर्ण कोरडं करा. ओल राहिली तर पुढची गोळी फुगते, अडकते आणि आतच फुटते. गोळी रोखणारा बारीक बॉल डिटेंट टोकदार काडीने साफ करा. तो रंगाने चिकटला की दोन गोळ्या एकदम आत येतात.

खरं नुकसान चुकीच्या तेलाने होतं. गंज काढायचे पेट्रोलियम स्प्रे ओ-रिंग (गॅस रोखणाऱ्या रबरी कड्या) फुगवतात, मग गळती सुरू होते. पेंटबॉल गनचंच तेल घ्या. टिपमन ९८ सारख्या ब्लोबॅक (गॅसच्या धक्क्याने पुढच्या शॉटला आपोआप तयार होणाऱ्या) गनमध्ये टाकी जोडायच्या जागी ३-४ थेंब सोडा, टाकी लावा आणि गोळ्यांशिवाय काही शॉट मारा. गॅस तेल आत पोचवतो. इलेक्ट्रॉनिक गनला मात्र हे करू नका, तिथे सोलेनॉइड (गॅस सोडणारी विजेवरची झडप) खराब होऊ शकतो. तिच्या बोल्टच्या (गोळी पुढे ढकलणाऱ्या भागाच्या) ओ-रिंगना ग्रीसचा पातळ हात पुरे.

खेळण्याआधी क्रोनोग्राफवर (वेग मोजणाऱ्या यंत्रावर) गोळीचा वेग तपासा: सेकंदाला ३०० फुटांच्या वर नको.