मानधन देणारा अंक शोधताना: कथालेखकाची कार्तिक ते श्रावण तयारी

कथेला पैसे देणारा अंक जुलैत शोधायला निघालात तर गाडी सुटलेली असते. तोवर निमंत्रित लेखकांचं साहित्य संपादकांच्या टेबलावर येऊन पडलेलं असतं, जाहिरातींचा अजून पत्ता नसतो आणि फोन उचलणाऱ्याला अनोळखी नाव ऐकून घ्यायला सवड नसते. शोध सुरू करायचा तो दिवाळी उलटल्यावर, अंक हातात असताना. मराठीत कथेचा बाजार म्हणजे मुख्यतः दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा मोजतात. पुढे बारा महिने कथा छापणारी मासिकं एकेक करून आटत गेली, ‘सत्यकथा’सुद्धा १९८२मध्ये थांबली, आणि कथेचा बहुतेक भार या एका हंगामावर आला.

तेव्हा पहिलं काम अंक गोळा करण्याचं. सगळे विकत घ्यायची गरज नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर किंवा तुमच्या तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय, कुठेही दिवाळीनंतर अंक वाचायला मिळतात. अनेक वाचनालयं थोडी वर्गणी घेऊन खास दिवाळी अंकांची योजना चालवतात. तीत नाव घाला. संक्रांतीनंतर तेच अंक दुकानात निम्म्या किमतीत आणि रद्दीवाल्याकडे त्याहून स्वस्तात मिळतात. ज्या अंकांना कथा पाठवायचा विचार आहे त्यांचे लागोपाठ दोन वर्षांचे अंक मिळवा. एका वर्षाच्या अंकावरून अंदाज बांधू नये. एखाद्या वर्षी विशेषांक असतो, एखाद्या वर्षी संपादक बदललेला असतो.

आता वाचायचं, पण कथा वाचायच्या आधी अनुक्रमणिका. तिथे कथा किती आहेत आणि त्यातली किती नावं तुम्हाला ठाऊक नाहीत ते पाहा. सगळीच नावं नामवंतांची असतील तर तो अंक निमंत्रणावर चालतो असं समजा. वाईट काही नाही, पण तिथे दार ठोठावण्यात तुमचा पावसाळा जाईल. दोन्ही वर्षांत दोन-तीन अनोळखी नावं दिसली, तर तिथे आलेलं साहित्य कुणीतरी उघडून वाचतं. मग कथांची लांबी पानांवरून काढा: एका पानात साधारण किती शब्द बसतात ते मोजा आणि गुणा. तुमची कथा सात हजार शब्दांची आणि त्यांच्या सगळ्या कथा तीन हजारांच्या आत, तर तुमची कथा कितीही चांगली असो, ती तिथे जात नाही. कापून पाठवण्यापेक्षा दीर्घकथा घेणारा दुसरा अंक बघावा.

मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक यांची बारीक अक्षरातली ओळही वाचा. कथा निवडणारा आणि धनादेशावर सही करणारा माणूस एकच आहे की वेगळा, हे तिथे कळतं, आणि पुढे फोन कुणाला करायचा तेही. जाहिरातींकडे लक्ष द्या. बँका, सराफ, प्रकाशक, बांधकाम व्यावसायिक यांच्या पानभर जाहिराती असल्या म्हणजे मानधन मिळेलच असं नाही, पण द्यायला पैसे आहेत एवढं तरी दिसतं. उलट निम्मा अंक स्थानिक नेत्यांच्या फोटोंनी आणि ‘शुभेच्छुक’ म्हणून छापलेल्या नावांनी भरलेला असेल, तर लेखकाचं मानधन त्या शुभेच्छांच्या वसुलीवर अवलंबून आहे असं धरून चाला.

जातकुळी जुळवायला फार वेळ लागत नाही. रहस्य, भय, विज्ञान असेल तर ‘धनंजय’ची परंपरा, विनोदी असेल तर ‘आवाज’ची, मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’, जे १९७१पासून निघतं आहे, किंवा ‘साधना’चा बालकुमार दिवाळी अंक. अशी नावं वहीत वरच्या बाजूला लिहा आणि खाली तुमच्या जिल्ह्यातून, गोव्यातून, बेळगावातून निघणारे अंक. जिल्ह्याच्या अंकांना हलकं लेखू नका. तिथला संपादक अनेकदा सगळी टपालं स्वतः वाचतो.

यादी दहा-बारा अंकांवर आली की मानधनाची चौकशी. आपल्याकडे इथेच माणूस अडखळतो. कथेचे पैसे विचारणं कमीपणाचं वाटतं, आणि हा संकोच काही अंकांना फार सोयीचा पडतो. छपाईवाल्याला पैसे मिळतात, कागदवाल्याला मिळतात, मुखपृष्ठाच्या चित्रकाराला मिळतात, अक्षरजुळणी करणाऱ्याला तर आगाऊ मिळतात. कथालेखकाला मात्र ‘अंकाची प्रत पाठवू’ असं सांगितलं जातं. म्हणून चौकशी दोन टप्प्यांत करा. आधी गेल्या वर्षी त्या अंकात ज्यांची कथा आली त्यांना विचारा. लेखक लेखकाला खरं सांगतो. किती मिळाले एवढंच विचारून थांबू नका. कधी मिळाले, मागावे लागले का, आणि कबूल केले तेवढेच मिळाले का, हेही विचारा. रक्कम काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत कुठेही असू शकते. कुठे पानाप्रमाणे हिशेब, कुठे कथेला ठरावीक आकडा, कुठे नावाप्रमाणे दर. यातला ‘कधी’ सर्वात महत्त्वाचा. उशिरा पण न मागता देणारा अंक मी तरी मोठा आकडा सांगून फोन न उचलणाऱ्याच्या वर ठेवीन.

मग संपादकांना. कथा पाठवायच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, चार ओळींचं पत्र किंवा ईमेल पुरे. ‘स.न.वि.वि. आपल्या येत्या दिवाळी अंकासाठी सुमारे साडेतीन हजार शब्दांची कथा पाठवू इच्छितो. साहित्य पाठवण्याची अंतिम तारीख आणि कथेच्या मानधनाबाबत आपलं धोरण कळवावं, ही विनंती.’ एवढंच. आपली वाङ्मयीन वाटचाल, मिळालेले सत्कार, संमेलनातला सहभाग हे या पत्रात नको. उत्तरात ‘आम्ही मानधन देऊ शकत नाही’ असं सरळ आलं तर त्या संपादकाचा मान ठेवा. निदान तो स्पष्ट बोलला. सुरुवातीला एखाददुसरी कथा बिनपैशाने द्यायला माझी हरकत नाही, पण अंक वाचला जाणारा हवा आणि संपादक कथेवर काम करणारा. मात्र लेखकालाच ‘दोन जाहिराती मिळवून द्या’, ‘पाच प्रती घ्या’, ‘सहभाग शुल्क भरा’ असं सांगणारे निघतात, त्यांची नावं यादीतून तिथल्या तिथे खोडा. तो बाजार आहे खरा, पण तिथे गिऱ्हाईक तुम्ही असता.

हक्कांबद्दल थोडं सविस्तर, कारण याबद्दल भलते समज आहेत. प्रताधिकार कायदा १९५७चा आहे आणि त्यानुसार बाहेरच्या लेखकाने लिहून दिलेल्या कथेचा पहिला मालक लेखकच असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. अंकात कुठेतरी ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असं छापलं म्हणून तुमचे हक्क जात नाहीत. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच सोपवता येतात. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच हक्क दिले असं मानतो. म्हणून कथेसोबतच्या पत्रात एक वाक्य आपल्याकडूनच घाला: ही कथा या वर्षीच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे, इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील. उद्या कथेचा संग्रह निघेल, कुणी अनुवाद मागेल, ध्वनिपुस्तक करणारे विचारतील, एकांकिका बसवायला महाविद्यालयाची मुलं येतील. तेव्हा हे वाक्य कामाला येतं. एखाद्या अंकाने छापील संमतिपत्र पाठवलं तर सही करण्याआधी ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द त्यात आहेत का ते शोधा. असले तर ते खोडून, शेजारी सही करून परत पाठवता येतं. ते नाही म्हणाले तर कथा तुमच्याकडेच आहे.

‘अप्रकाशित’ या अटीत आता फेसबुकवरची भिंत, ब्लॉग आणि व्हॉट्सअॅपवर फिरलेला मजकूर हेही येतं, असं बहुतेक संपादक मानतात. ज्या कथेला पैसे मिळावेत असं वाटतं तिचा एक परिच्छेददेखील बाहेर टाकू नका. मित्रांचं मत हवं असेल तर छापील प्रत द्या आणि परत घ्या.

मजकुराची फाईल युनिकोडमध्ये हवी. जुळणी करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अजून श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत काम करतात, आणि रूपांतर होताना रफार, जोडाक्षरं आणि विशेषतः ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ बिघडतो. म्हणून वर्डची फाईल आणि तिच्यासोबत पीडीएफ, असं दोन्ही पाठवा. पीडीएफ पाहून त्यांना मूळ काय होतं ते कळतं. ‘केलं’ की ‘केले’, हे निवेदनात एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. पहिल्या पानावर कथेचं नाव, तुमचं नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. चित्रं, रंगीत अक्षरं, किनार नको. हाताने लिहून पाठवणाऱ्यांनी कागदाच्या एकाच बाजूला लिहावं, झेरॉक्स स्वतःकडे ठेवावी आणि स्पीड पोस्टने पाठवावं. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा खिडकीवर रजिस्टर मागत बसू नका.

पाठवायचं केव्हा? अनेक अंकांची अंतिम तारीख जून अखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत कुठेतरी असते. तुमची कथा त्याच्या महिनाभर आधी पोचलेली बरी, कारण शेवटच्या आठवड्यात आलेलं साहित्य पानं भरायला वापरलं जातं किंवा वापरलंच जात नाही. एक कथा एका वेळी एकाच अंकाला, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती मोडू नये. दोन अंकांत एकच कथा छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात, आणि संपादकमंडळी एकमेकांशी बोलतात. पण ही रीत दोन्ही बाजूंनी पाळली जायला हवी. पूर्वी निदान ‘साभार परत’चं कार्ड यायचं, आता बहुतेक ठिकाणी नुसती शांतता असते. म्हणून पत्रातच लिहा की अमुक तारखेपर्यंत निर्णय कळला नाही तर कथा अन्यत्र पाठवायला मी मोकळा आहे. ती तारीख पुढच्या अंकाच्या मुदतीच्या आधीची हवी. तारीख उलटली की दोन ओळींचं ‘कथा मागे घेत आहे’ असं पत्र टाका आणि मगच पुढे पाठवा. एक कथा अशी हंगामात जेमतेम दोन ठिकाणी फिरते. तेव्हा हातात दोन-तीन कथा असल्याशिवाय यादी बारा अंकांची असून उपयोग नाही.

दिवाळीच्या बाहेरचे रस्ते थोडे आहेत, पण वहीच्या शेवटच्या पानावर असू द्या. आकाशवाणीच्या केंद्रांवर कथावाचनाला मानधनाचा करार होतो. केंद्रावर जाऊन विचारावं. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जागा कमी, कथा हजार-दीड हजार शब्दांचीच बसते. रोख बक्षिसाच्या कथास्पर्धा असतात, आणि त्यात नाव झाकून वाचन होतं ही जमेची बाजू. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती ती यासाठीच. आद्याक्षरं उलटी केलेली होती आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. मात्र स्पर्धेची नियमावली वाचताना प्रवेशशुल्क किती आणि न निवडलेल्या कथाही छापायचा हक्क आयोजक घेतात का, हे दोन मुद्दे आधी पाहा.

कथा स्वीकारली गेल्याचं कळलं की त्याच उत्तरात बँक खात्याचा तपशील, आयएफएससी आणि पॅन पाठवून द्या; मागण्याची वाट पाहिली की तेवढंच निमित्त मिळतं. मुद्रितं तपासायला मिळतील का तेही विचारा. अंक आल्यावर लेखकाची प्रत मिळाली का, कथा पूर्ण छापली का, नाव बरोबर आहे का, हे पाहून पोच द्या. मानधन लगेच येत नाही. जाहिरातींची वसुली दिवाळीनंतर दोन-तीन महिने चालते, आणि त्याआधी फोन करून काही निघत नाही. जानेवारीच्या अखेरीस एक सभ्य आठवण, फेब्रुवारीत दुसरी, आणि दोन्ही लेखी, आधी कबूल केलेल्या आकड्यासह. मार्चमध्ये प्रकाशकाला वर्षाचा हिशेब बंद करायचा असतो, तेव्हाचा फोन सहसा वाया जात नाही. रक्कम कबूल केल्यापेक्षा कमी आली तर कर कापला का ते विचारा. कापला असेल तर आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली तो दिसायला हवा, आणि विवरणपत्र भरताना तो परतही मागता येतो.