खत महागल्यावर हात आखडताना या चुका टाळा

खताचे दर चढले की पहिली कात्री पोत्यांच्या संख्येला लागते. चारची तीन करायची, तीही सगळ्या शेतात सरसकट. पण नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) जमिनीत सारखे वागत नाहीत. स्फुरद जमिनीत धरून राहतं, भारी जमिनीत पालाशही बऱ्यापैकी टिकतं. माती परीक्षणात यांचं प्रमाण 'जास्त' आलं असेल तर एखाद्या हंगामात ते कमी केलं तरी उत्पादनाला सहसा धक्का लागत नाही. नत्राची अशी शिल्लक धरता येत नाही, ते पाण्याबरोबर खाली झिरपतं किंवा हवेत उडून जातं. प्रत्यक्षात होतं मात्र उलटंच: नत्र देणारा युरिया तुलनेने स्वस्त म्हणून तो तसाच राहतो किंवा वाढतो, आणि पालाश कमी असलेल्या जमिनीतही पालाशच गाळलं जातं. मग पीक हिरवंगार दिसतं, पण लोळतं, किडीला बळी पडतं आणि दाणा भरत नाही.

अर्थात परीक्षणाचा अहवाल नमुन्याइतकाच खरा. बांधाकडेची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची किंवा नुकतंच खत दिलेली माती घेतली तर आकडे फसवे येतात. एकसारख्या जमिनीतल्या 10 ते 15 ठिकाणी 'व्ही' आकाराचा खड्डा करा, 15 ते 20 सेंमी खोलीपर्यंतची कडेची माती घ्या, एकत्र मिसळा आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

पोत्याचा भाव बघून खरेदी

स्वस्त पोतं म्हणजे स्वस्त अन्नद्रव्य नव्हे. 50 किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के, म्हणजे 30 किलो पालाश असतं. पोत्याच्या किमतीला 30 ने भागा, की एक किलो पालाश कितीला पडतं ते कळतं. डीएपीत (डाय-अमोनियम फॉस्फेट) दोन घटक असल्याने एक पायरी वाढते. 50 किलोत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. त्या 9 किलो नत्राची किंमत युरियाच्या दराने काढून वजा करा आणि उरलेल्या रकमेला 23 ने भागा.

डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरायचं ठरलं तर तेवढंच स्फुरद मिळायला 16 टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे 144 किलो सुपर लागतं, शिवाय नत्रासाठी साधारण 20 किलो युरिया. 'एका पोत्याला एक पोतं' अशी अदलाबदल करणाऱ्यांचं स्फुरद तिथेच एक-तृतीयांशावर येतं. तीन पोती वाहून नेण्याचा आणि टाकण्याचा खर्चही धरा. पण सुपरमधून गंधकही मिळतं, तेलबियांना त्याचा उपयोग होतो, हे दुसऱ्या पारड्यात टाका. युरिया आणि सुपर आधीच मिसळून ठेवू नका. मिश्रणाला पाणी सुटतं आणि चिखल होतो.

मात्रा किती कमी करायची?

हिशेब पैशात न करता धान्यात करून बघा. समजा, शेवटच्या 10 किलो नत्रामुळे 60 किलो धान्य वाढतं. त्या नत्राची किंमत 40 किलो धान्याइतकी असेल तर ते टाकणं परवडतं. 80 किलोइतकी झाली तर नाही. कपात करायची ती या शेवटच्या किलोंमध्ये. सुरुवातीच्या किलोंना मिळणारा प्रतिसाद बराच मोठा असतो, म्हणून दर दुप्पट झाले तरी मात्रा निम्मी करावी लागत नाही.

टाकलेलं खत वाया घालवणं

खरी बचत इथे आहे आणि तिला दमडी लागत नाही. ओल्या, उबदार जमिनीवर विस्कटलेला युरिया काही दिवसांतच अमोनिया होऊन उडू लागतो. चुनखडीच्या जमिनीत जास्तच. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, देऊन तो 5 सेंमी मातीआड करा किंवा लगेच हलकं पाणी द्या. भातात साचलेलं पाणी काढून चिखलात खत द्या, एक-दोन दिवसांनी पाणी परत भरा. स्फुरद वरून न विस्कटता पेरणीच्या वेळी बियाण्याच्या बाजूला व खाली 5 सेंमीवर पेरा. ते बियाण्याला चिकटू देऊ नका, डीएपीमधल्या अमोनियाने उगवण मार खाते. आणि वरखताआधी (उभ्या पिकाला द्यायच्या खताआधी) कोळपणी-खुरपणी उरकाच, नाहीतर महागाचं खत तण खातं.

पीक पिवळं दिसलं की युरिया

आधी पान बघा. जुनी पानं टोकाकडून पिवळी पडत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा करपल्या असतील तर पालाश. कोवळं पान सगळंच फिकट असेल तर गंधकाचा, शिरा हिरव्या ठेवून पिवळं पडलं असेल तर लोहाचा संशय घ्या. पाणी साचूनही पीक पिवळं पडतं. तिथे आधी चर काढा.

पर्यायांवर जास्त भिस्त

चांगलं कुजलेलं एक टन शेणखत साधारण 5 किलो नत्र देतं, तेही पहिल्या हंगामात त्यातला थोडाच भाग पिकाच्या हाती येतो. अर्धवट कुजलेलं खत किंवा काड घातलं तर जिवाणू ते कुजवताना जमिनीतलं नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक उपाशी राहतं. फवारणीचंही तसंच: 200 लिटर पाण्यात 2 टक्के युरिया म्हणजे 4 किलो, त्यात नत्र दोन किलोही नाही. एकरी 40 किलोची गरज त्यातून भागत नाही. अडचणीच्या वेळी पीक सावरायला ती ठीक.

दर वाढायच्या भीतीने जास्त साठा केलात तर पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. युरिया ओल धरून दगडासारखा होतो. ओळखीचं नसलेलं डीएपी घेतलंत तर चार दाणे चुन्यासोबत तळहातावर चोळून बघा. अमोनियाचा झणझणीत वास आला नाही तर ते पोतं शेतात नेऊ नका.