डायलिसिसला बीपी पडतं? आधी पाण्याचा हिशोब घरी करा

बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा तिसरा तास लागला की ठरलेलंच, आधी जांभया, मग घाम, मग पोटरीत गोळा आणि सिस्टर धावत येऊन सलाईन सोडणार. आम्हाला वाटायचं त्यांना मशीनच मानवत नाही. खरं कारण पाणी काढायचा स्पीड होता, आणि ते कळायला आम्हाला सहा महिने लागले.

मशीन अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढतं, पण ते सुजेतून नाही, रक्तातून खेचतं. ६० किलोच्या माणसाच्या रक्तात पातळ भाग साधारण तीन लिटरच असतो, म्हणजे तीन लिटर काढायचे तर तेवढंच पाणी अंगातून परत रक्तात झिरपत राहायला पाहिजे. झिरपण्यापेक्षा खेचणं जास्त झालं की बीपी खाली.

आता हिशोब. समजा ड्राय वेट (म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन) ६० आणि आज काट्यावर ६३.२ आले. शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन धरून ३.५ लिटर काढायचे. चार तासात म्हणजे तासाला ८७५ मिली, त्याला वजनाने म्हणजे ६० ने भागा, १४.६ आलं, म्हणजे किलोमागे तासाला इतके मिली. हा आकडा १३ च्या वर नको, १० च्या आत असेल तर उत्तमच. मग करायचं काय, तर अर्धा तास वाढवून मागा (साडेचार तासात तो १३ च्या आत येतो) किंवा आज तीनच लिटर काढून उरलेलं पुढच्या वेळी. टेक्निशियनला घाई असते, नेक्स्ट पेशंट बाहेर बसलेला असतो, तरी विचारायचं, त्यात भांडण काही नाही.

पण मुळात ३.२ किलो वाढलेच का? पाणी कमी प्या असं सगळे सांगतात, मिठाचं कोणी बोलत नाही. साधारण ८ ग्रॅम मीठ अंगात एक लिटर पाणी धरून ठेवतं, आणि तहान लागली की माणूस पिणारच हो. पापड, लोणचं, ठेचा, फरसाण आधी बंद करा. उपवासाचं सैंधव पण मीठच आहे. आणि ते 'लो सोडियम' मीठ चुकूनही आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी पेशंटला ते जीवावर बेतू शकतं. आमटी, ताक, चहा, कलिंगड हे सगळं पाण्यातच धरायचं. शुगर वाढलेली असेल तरी तहान थांबत नाही, ती पण बघा.

ड्राय वेट दगडावरची रेघ नाही. आजारपणात जेवण तुटलं की मांस जातं, त्याजागी पाणी भरतं, काटा तोच दाखवतो पण रात्री आडवं झालं की धाप लागते. उलट भूक सुधारून अंग भरलं आणि जुन्याच वजनापर्यंत काढत राहिलात तर गोळे येणारच. दोन्ही वेळा डॉक्टरना वजन नव्याने ठरवायला सांगा. बीपी कायम वाढलेलं असेल तर बऱ्याचदा गोळी कमी पडत नसते, पाणी जास्त असतं, ड्राय वेट हळूहळू उतरवलं की काही आठवड्यांनी फरक दिसतो.

बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घ्यायची की नंतर, ते स्ट्रिप दाखवून विचारा. मेटोप्रोलॉल मशीनमध्ये निघून जातं, अॅम्लोडिपिन जात नाही, त्यामुळे सरसकट नियम नाही आणि मनाने बंद तर नाहीच.

मशीनवर पहिली जांभई आली की लगेच सिस्टरला सांगा, ती पाणी काढणं थांबवून पाय वर करेल, लागलं तर सलाईन देईल. बीपी पडणाऱ्याने मशीनवर वडापाव वगैरे खाऊ नये, रक्त पोटाकडे जातं. मशीनचं टेंपरेचर ३६ ला आणता येतं का विचारा, बाबांना त्याने फार फरक पडला, फक्त ब्लँकेट न्यावं लागतं. संपल्यावर पाच मिनिटं बसून मग उभं राहा आणि उभ्याने बीपी बघायला लावा, फिस्चुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशनने केलेल्या शिरेच्या) हातावर पट्टा नको.

डायलिसिस मंगळ-गुरू-शनि असेल तर शनिवार ते मंगळवार असा दोन दिवसांचा गॅप सगळ्यात बेकार. रविवार-सोमवारी धाप लागली, आडवं होता येईना, तर मंगळवारच्या नंबरची वाट न बघता तसंच हॉस्पिटल गाठा.