दाताचा निर्णय डॉक्टर आणि तुम्हीच घ्यायचा असेल तर काय काय बघायचं

मागच्या वर्षी आईची खालची उजवी दाढ ठणकायला लागली म्हणून तिला एका मोठ्या चेनच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी जेमतेम पाच मिनिटं तपासलं आणि मग आम्हाला शेजारच्या केबिनमध्ये बसवलं, तिथे ट्रीटमेंट कोऑर्डिनेटर मॅडम आल्या आणि दोन रूट कॅनल, चार कॅप, आज सही केली तर डिस्काउंट, हप्ते नो कॉस्ट असं सगळं भराभर सांगून मोकळ्या झाल्या. आई घाबरून हो म्हणाली, माझ्या फोनवर ओटीपी आला आणि मी तो दिला, म्हणजे हप्त्यांसाठीचं लोनच मंजूर झालं. नंतर सरकारी डेंटल कॉलेजात दाखवलं तर रूट कॅनल एकाच दाढेला लागत होतं. ते लोन रद्द करताना जो मनस्ताप झाला तो दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक लक्षात ठेवा, तुम्हाला काय झालंय हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकायचं. कोऑर्डिनेटरने पैशाचं बोलावं, पण कुठल्या दाताला काय आणि का हे तिने सांगायला लागलं की तिथेच थांबवा आणि म्हणा, "मॅडम, हे मला डॉक्टरांकडूनच समजून घ्यायचंय, एक्सरे समोर ठेवून." चांगले डॉक्टर याला कधीच नाही म्हणत नाहीत. आणि सरळ विचारा, हे आत्ता नाही केलं तर काय होईल? सहा महिने थांबलं तर चालेल का? उत्तर ऐकताना बरंच कळतं.

एस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात दाताचा नंबर लिहून मागा, नुसतं "कॅप चार" चालणार नाही. नंबर समजायला सोपा आहे, पहिला आकडा म्हणजे तोंडाचा कोपरा (1 वरचा उजवा, 2 वरचा डावा, 3 खालचा डावा, 4 खालचा उजवा) आणि दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजायचा, म्हणजे आईची दुखरी दाढ 46 आणि त्या बाजूची अक्कलदाढ 48. नंबर हातात असला की दुसरे डॉक्टर दोन मिनिटांत पडताळून बघू शकतात. एक्सरे किंवा ओपीजीची (पूर्ण जबड्याच्या एक्सरेची) फाईलसुद्धा मागून घ्या, त्याचे पैसे तुम्हीच भरलेत. मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज आहे, सरकारी डेंटल कॉलेज सीएसएमटीजवळ आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही सरकारी कॉलेज आहे, तिथे गर्दी असते पण त्यांच्यावर कुणाचं टार्गेट नसतं. फक्त गाल सुजलाय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही असं असेल तर सेकंड ओपिनियनच्या नादात दिवस घालवू नका, लगेच दाखवा.

आता हप्त्यांचं, कारण इथेच माणसं सगळ्यात जास्त अडकतात. नो कॉस्ट म्हटलं तरी ते फायनान्स कंपनीचं लोनच असतं, व्याजाचा भार बहुतेकदा क्लिनिक उचलतं आणि तो कुठेतरी रेटमध्ये आलेला असू शकतो, म्हणून "रोख दिले तर किती?" हे विचाराच. पैसे बऱ्याचदा कंपनीकडून क्लिनिकला आधीच जातात, काम मात्र महिनोन्‌महिने चालतं, मध्येच डॉक्टर बदलले किंवा क्लिनिक बंद पडलं तरी तुमचा हप्ता चालू राहतो. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची घरपोच अलाइनर (दात सरळ करायचे पारदर्शक साचे) देणारी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये अचानक बंद झाली, लोकांचे दात अर्धवट सरकलेले आणि वर हप्ते भरत राहा असं सांगितलं गेलं. त्यामुळे जमेल तर प्रत्येक सिटिंगला तेवढ्याच कामाचे पैसे द्या. लोन घ्यावंच लागलं तर "की फॅक्ट स्टेटमेंट", म्हणजे व्याज, फी आणि अटी थोडक्यात लिहिलेला कागद, मागा, वाचा, आणि ओटीपी घरी जाऊन विचार केल्यावरच द्या. अॅपवरून घेतलेल्या लोनला कूलिंग-ऑफचा, म्हणजे दंड न भरता लोन परत करता येण्याचा, काळ असतो, तो किती दिवसांचा आहे ते त्याच कागदात बघा. कंपनीने तक्रार ऐकली नाही किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे (तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे) जाता येतं.

इन्शुरन्सबद्दल. बहुतेक हेल्थ पॉलिसींत दातांचा साधा खर्च नसतो, अपघातात दात तुटून अॅडमिट व्हावं लागलं तर मिळतो, नाहीतर ओपीडी कव्हर (अॅडमिट न होता घेतलेल्या उपचारांचं) वेगळं लागतं. म्हणून काही जण डॉक्टरांनाच गळ घालतात की कागदावर "पडून लागलं" लिहा ना. असं कृपया करू नका, क्लेम तर जातोच, पॉलिसी रद्द होऊ शकते, आणि तुमच्या तोंडाचा रेकॉर्ड कायमचा खोटा होतो. ज्या डॉक्टरांना आपणच खोटं लिहायला लावलं त्यांच्यावर उद्या विश्वास कसा ठेवणार? आणि कंपनीने "नॉट अप्रूव्ह्ड" कळवलं तर त्याचा अर्थ कंपनी पैसे देणार नाही एवढाच, ट्रीटमेंटची गरज नाही असा नाही. दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा.

"अमुकच सेंटरला स्कॅन करा" असं सांगितलं तर कारण विचारा. कधी ते खरंच असतं, तिथलं मशीन चांगलं असतं. पण रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणं दंतवैद्यांच्या आचारसंहितेत बसत नाही, आणि तपासणी कुठे करायची हे निवडायचा हक्क मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही आहे.

घरच्यांचं पण बघा हं. दाढ काढली की नजर जाते असं आमची मावशी आईला फोनवर सांगत होती आणि त्या भीतीने आई दोन आठवडे दुखणं अंगावर काढत राहिली. दाढेच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगळ्या असतात, दाढ काढून दृष्टी जात नाही. असं काही ऐकलं तर ते चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा, मनात ठेवू नका.

आईची 46 आता बरी आहे. तिची फाईल, एक्सरे आणि दोन्ही डॉक्टरांची एस्टिमेट मी फोनमध्ये एका फोल्डरला ठेवलीत, पुढच्या वेळी कुठेही गेलो तरी तेच आधी उघडून दाखवणार.