पीतज्वराचे सर्वेक्षण: चार तारखा, रक्ताची नळी आणि लसीचा हिशेब

पीतज्वराचा (यलो फीव्हर) रुग्ण पिवळा पडून दवाखान्यात येतो, तोवर डासांना विषाणू देण्याचे त्याचे दिवस बहुधा संपलेले असतात. डास चावल्यापासून ताप यायला ३ ते ६ दिवस लागतात. ताप येण्याच्या थोडे आधीपासून ते आल्यानंतर ३ ते ५ दिवस रक्तात डासांना बाधित करण्याइतका विषाणू असतो. कावीळ दिसते ती साधारण त्यानंतर. शिवाय या रुग्णाला चावलेल्या डासाच्या पोटातून लाळेपर्यंत विषाणू पोहोचायलाही सुमारे १० दिवस गेलेले असतात. म्हणजे समोरचा पहिला रुग्ण दोन-तीन आठवड्यांपूर्वीची बातमी घेऊन आलेला असतो. सर्वेक्षण करणाऱ्याला हे गेलेले दिवस भरून काढायचे असतात आणि त्यासाठी हाताशी चार तारखा असतात: ताप कधी आला, कावीळ कधी दिसली, लस कधी घेतली, रक्त कधी काढले. यातला एक रकाना कोरा राहिला तरी प्रयोगशाळेच्या निकालाचा अर्थ लागत नाही.

संशयित कोणाला म्हणायचे

अचानक ताप आणि पहिल्या लक्षणापासून १४ दिवसांच्या आत कावीळ, एवढे पुरे. रक्तस्राव, लघवी कमी होणे, काळी उलटी यांची वाट पाहू नका. व्याख्या मुद्दाम सैल ठेवलेली आहे. बाधितांपैकी अनेकांना लक्षणेच नसतात. लक्षणे आलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोक दुसऱ्या, विषारी टप्प्यात जातात आणि त्यातले जवळपास निम्मे ७ ते १० दिवसांत दगावतात. एका पिवळ्या रुग्णामागे न दिसलेले कितीतरी असतात ते यामुळेच.

सैल व्याख्येमुळे यादीत हिवताप, हिपॅटायटिस ई आणि लेप्टोस्पायरोसिसचे रुग्णही येतील. येऊ द्या. सगळ्यात जास्त घोटाळा हिवतापाने होतो: रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी दिसले की डॉक्टर निदान लिहून मोकळे होतात आणि नमुना जातच नाही. आफ्रिकेत पीतज्वर असलेल्या पट्ट्यात बऱ्याच लोकांच्या रक्तात परजीवी असतातच, त्यामुळे हिवताप सापडला म्हणून पीतज्वर बाद होत नाही.

प्रत्येक जिल्ह्यातून वर्षाला निदान एका संशयित रुग्णाचे रक्त तपासणीला गेलेच पाहिजे. वर्षभर शून्य दाखवणारा जिल्हा निरोगी आहे असे समजण्यापेक्षा तिथे कोणी पाहतच नाही असे धरून चालणे शहाणपणाचे. आधी तिथल्या दवाखान्याची काविळीची नोंदवही उघडा.

रक्त

प्रौढाचे ५ मिलि रक्त साध्या, रसायन नसलेल्या नळीत घ्या. अर्धा तास हलवू नका, गुठळी होऊ द्या, मग १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात जोरात फिरवा). यंत्र नसेल तर नळी फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि गुठळी आकसल्यावर वरचे सीरम (पिवळसर द्रव) पिपेटने अलगद काढून घ्या. सीरम वेगळे केल्याशिवाय नळी कधीही फ्रीझरमध्ये टाकू नका: लाल पेशी फुटतात, नमुना लाल होतो आणि तपासणी बिघडते. बर्फाच्या थेट संपर्कातल्या नळीचेही हेच होते, म्हणून आइसपॅक आणि नळीमध्ये कापूस किंवा कागद ठेवा. सीरमचे दोन-तीन भाग करा: एक राष्ट्रीय प्रयोगशाळेसाठी, एक पुढच्या संदर्भ प्रयोगशाळेसाठी, जमल्यास एक राखीव. २ ते ८ अंश सेल्सिअसला, तिहेरी वेष्टनात पाठवा. पोहोचायला बरेच दिवस लागणार असतील तर सीरम उणे २० अंशांना गोठवा. एकदा गोठवलेले वाटेत वितळून पुन्हा गोठू नये.

रुग्ण दगावला तर यकृताचे दोन तुकडे घ्या, एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा फॉर्मालिनशिवाय थंड. जिवंत रुग्णाच्या यकृताची बायोप्सी करायची नाही. रक्तस्रावाने तो जाऊ शकतो. तापासाठीही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल बेताने.

निकाल वाचताना

पहिल्या १० दिवसांत आरटी-पीसीआर (विषाणूचे जनुक शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (लागणीनंतर आधी तयार होणारी प्रतिपिंडे), असा ढोबळ नियम. आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते. तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात ती नसली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही; पीसीआर करा किंवा दुसरा नमुना मागवा. आयजीएम आढळली तरी घाई नको, कारण डेंग्यू, झिका आणि वेस्ट नाईल यांची प्रतिपिंडेही त्या चाचणीला फसवतात. पक्के उत्तर प्लाक न्यूट्रलायझेशन चाचणी (प्रतिपिंडे विषाणूला खरोखर निष्प्रभ करतात का ते पाहणारी) देते आणि ती संदर्भ प्रयोगशाळेतच होते. आफ्रिकेत डाकारची पाश्चर संस्था हे त्यातले जुने ठिकाण.

लसीमुळे तयार झालेली आयजीएम महिनोन्‌महिने, कधी त्याहूनही जास्त टिकते. म्हणून 'लस घेतली: होय' एवढी नोंद कुचकामी आहे. कार्ड पाहा, तारीख उतरवा. कार्ड हरवले असेल तर 'तोंडी माहिती' असे स्पष्ट लिहा.

कळवणे

लस न घेतलेल्या वस्तीत स्थानिक लागण झालेला एकही खात्रीचा रुग्ण सापडला तर साथ समजून कामाला लागा. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ मध्ये पीतज्वर आपोआप कळवायच्या चार आजारांत नाही. तो दुसऱ्या यादीत आहे, ज्यासाठी निर्णयतक्ता (घटना कळवायची का हे ठरवणारा) भरावाच लागतो. मूल्यमापनाला ४८ तास आणि कळवायचे ठरले की २४ तास. तक्ता भरायला शंभर टक्के खात्रीची वाट पाहणे ही नेहमीची चूक.

डास

शोधपथक गावात गेले की रुग्णाचे घर नकाशावर घ्या आणि त्याच्या भोवतीची १०० घरे तपासा. समजा ४०० भांडी पाहिली, २४ भांड्यांत अळ्या निघाल्या आणि ती ६ घरांत होती. गृह निर्देशांक (दर १०० घरांत अळ्यांची घरे) ६, भांडी निर्देशांक (दर १०० भांड्यांत अळ्यांची भांडी) ६, ब्रेटो निर्देशांक (दर १०० घरांमागे अळ्यांची भांडी) २४. गृह निर्देशांक ५ च्या वर किंवा ब्रेटो २० च्या वर गेला की शहरी प्रसाराचा धोका धरतात. गृह निर्देशांक १ च्या आणि ब्रेटो ५ च्या खाली असेल तर धोका कमी. आता या आकड्यांची खोट. फुटका डबा आणि २०० लिटरचे पिंप त्यात सारखेच मोजले जातात, प्रत्यक्षात एकट्या पिंपातून डब्याच्या अनेक पट डास बाहेर पडतात. म्हणून कोष (अळीनंतरची, डास होण्याआधीची अवस्था) मोजा आणि कामाचा जोर मोठ्या भांड्यांवर लावा.

१ टक्का टेमेफॉस या अळीनाशकाचे दाणे पिण्याच्या पाण्यात १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. पिंप अर्धे असले तरी मात्रा पूर्ण क्षमतेची द्या, ते पुन्हा भरणारच आहे. रिकामे केलेले भांडे आतून घासल्याशिवाय काम पूर्ण होत नाही: शहरात हा रोग पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी महिनोन्‌महिने जगतात. रुग्णाला पहिले पाच दिवस दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, कारण एडिस दिवसा चावतो.

लागण जंगलात झाली असेल तर ही घरमोजणी निरुपयोगी. दक्षिण अमेरिकेत तिथले वाहक हिमॅगोगस आणि सॅबेथिस हे डास, झाडांच्या शेंड्याजवळ राहणारे. तिथे माकडांवर लक्ष ठेवा. हाउलर माकडे या विषाणूने पटापट मरतात, ब्राझीलमध्ये माणसांआधी तीच इशारा देतात. मेलेल्या माकडाच्या यकृताचा नमुना शक्यतो २४ तासांत, हातमोजे घालून घ्या आणि माकडे रोग पसरवत नाहीत, त्यांना मारू नका, हे गावाला सांगा. आफ्रिकन माकडे सहसा आजारी पडत नाहीत, त्यामुळे तिथे हा इशारा मिळत नाही.

लस

समजा ९ महिने ते ६० वर्षांचे लक्ष्य ३,००,००० लोक. १० टक्के नासाडी धरली तर १.११ ने गुणा: ३,३३,००० मात्रा, म्हणजे १० मात्रांच्या ३३,३०० कुप्या आणि तितकेच त्याच उत्पादकाचे द्रावक (लसीची पूड विरघळवायचे द्रव). ०.५ मिलिच्या एडी सिरिंज (एकदा वापरल्यावर आपोआप निकामी होणाऱ्या) ३,३०,०००, मिसळण्याच्या ५ मिलि सिरिंज कुपीमागे एक. १०० सिरिंजला एक सेफ्टी बॉक्स या हिशेबाने ३,६०० च्या वर जातात, ४,००० मागवा. देशाकडे साठा नसेल तर अर्ज आंतरराष्ट्रीय समन्वय गटाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) आणि रेड क्रॉस महासंघ त्याचे सदस्य आहेत आणि आणीबाणीचा ६० लाख मात्रांचा साठा त्याच्या हाती असतो.

द्रावक आदल्या दिवशीच २ ते ८ अंशांना ठेवा. कोमट द्रावकाने जिवंत विषाणू मरतो आणि हे डोळ्याला दिसत नाही. द्रावक गोठले तर कुपी तडकते. मिसळलेली कुपी ६ तासांनी किंवा सत्र संपताच टाकून द्या, जे आधी येईल ते.

६ महिन्यांखालची मुले, अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस या छातीतल्या ग्रंथीचे विकार, तीव्र प्रतिकारदौर्बल्य: लस नाही. साथीत ६ ते ९ महिन्यांची मुले, गर्भवती आणि साठीपुढचे यांच्याबाबत धोका तोलून ठरवतात. लसीनंतर १० दिवसांत ताप आणि कावीळ झाली तर रक्त नक्की काढा: विषाणू लसीचा की रानटी, हे जनुकक्रमच सांगतो.

उद्दिष्ट निदान ८० टक्के लोकांचे. अहवालात ११० टक्के आले तर खूश होऊ नका. लोकसंख्येचा आकडा जुना आहे किंवा शेजारच्या भागातले लोक रांगेत आहेत. मोहिमेनंतर घरोघरी नमुना पाहणी करा.

साठा अपुरा पडला तर पाचवा हिस्सा, ०.१ मिलि, देता येतो. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाच्या राजधानीत, लुआंडाच्या वियाना भागात, सुरू झालेली साथ काँगोत (लोकशाही प्रजासत्ताक) पसरल्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या राजधानीत, किन्शासात, हेच केले. दोन वर्षांखालच्या मुलांना आणि गर्भवतींना मात्र पूर्ण मात्रा दिली. त्याच साथीत अंगोलातून चीनमध्ये ११ रुग्ण पोहोचले, म्हणून सीमेवरच्या कागदाला, म्हणजे लसीच्या प्रमाणपत्राला, महत्त्व आहे. प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी लागू होते आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. पाचव्या हिश्शाची मात्रा त्यासाठी ग्राह्य नाही. कार्डावर 'अंशमात्रा' असा शिक्का मारा आणि प्रवासाला जाणाऱ्याला पूर्ण मात्रा लागेल हे तिथेच सांगा.