लघवीत रक्त दिसलं? तपासणीला निघण्याआधी

लघवी एकदाच लाल झाली, दुखलं काहीच नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ झाली, तरी दवाखाना टाळू नका. मूत्राशयाच्या कर्करोगात पुष्कळदा असंच होतं: रक्त येतं, थांबतं, कधी कधी महिन्यांनी परत दिसतं. आपल्याकडे ते ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा आणि धन्याच्या पाण्यावर निघून जातं. जळजळ असेल तर संसर्ग किंवा खडाही असू शकतो. पण चाळिशीपुढच्या माणसाला, त्यातही विडी ओढणाऱ्याला, न दुखता रक्त आलं तर गोळ्यांचे कोर्स बदलत बसू नये.

लाल दिसली त्याच वेळी लघवी पारदर्शक बाटलीत धरून उजेडात मोबाईलवर फोटो काढा. रक्त सुरुवातीला आलं, शेवटी आलं की सगळीच धार लाल होती, रक्ताच्या गाठी पडल्या का, हे तारखेसह लिहून ठेवा. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, टीबीची औषधं चालू आहेत का, बाईमाणसाची पाळी चालू आहे का, तेही लिहा. रंग यानेही फसवतो. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे झालं असेल म्हणून तपासणी सोडू नका, आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

लघवीचा नमुना घरून नेऊ नका. एसटीत दोन तास उन्हात तापलेल्या डबीतल्या रक्तपेशी फुटतात आणि रिपोर्ट चुकतो. लॅबमध्येच, पहिली धार सोडून मधली धार द्या. लघवीत कर्करोगाच्या पेशी आहेत का ते पाहायचं असेल तर सकाळची पहिली लघवी चालत नाही. रात्रभर साचून पेशी खराब झालेल्या असतात.

सोनोग्राफीच्या तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरा. लघवीची पिशवी (मूत्राशय) रिकामी असली तर आतल्या भिंतीवरची लहान गाठ दिसत नाही. भरलेल्या पिशवीतही बारीक किंवा चपटी गाठ निसटू शकते, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ ऐकून घरी परतू नका. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, करायची का, हे मूत्ररोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारा. ही सोय तालुक्याला बहुधा नसते, नागपूरला सुपर स्पेशालिटी रुग्णालयात आहे. लघवीत संसर्ग असेल तर दुर्बीण पुढे ढकलतात, म्हणून कल्चरचा, म्हणजे लघवीतल्या जंतूंच्या तपासणीचा, रिपोर्ट आधीच हाती ठेवा. सीटी स्कॅन सांगितला तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो; शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी सीटीच्या वेळी देतात त्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधीच सांगा.

आधार, रेशनकार्ड, जुन्या सोनोग्राफीची फाइल आणि सोबत एक माणूस हवाच. दुर्बिणीनंतर दिवस-दोन दिवस जळजळ आणि थोडी गुलाबी लघवी होते. थंडी वाजून ताप आला, किंवा रक्ताच्या गाठी अडकून लघवी तुंबली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता 108 ला फोन करा.